नेपतीची लाल परी

दूर एका माळावर, जिथे पायवाटसुद्धा दमून थांबायची, तिथे झेलूचं इवलंसं घर होतं. घरात झेलू आणि तिची आई, दोघीच. आईचा ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. ती घासच घेईना, दिवसेंदिवस वाळत चालली. झेलूचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आईला नेपतीचं लोणचं भारी आवडायचं, पण बरणी केव्हाच संपली होती. म्हणून झेलू माळावरच्या नेपतीच्या झुडपापाशी गेली. पान म्हणाल तर एक नाही, पण फुलं कशी लालचुटुक, आणि हिरवी टपोरी फळं फांदीफांदीवर! ओंजळभर तोडून ती थांबली. बाकीची तिने बुलबुलांसाठी ठेवली.

तेवढ्यात एका फुलातून बोटभर परी उतरली. परकर लाल, पंख सोनेरी, चमचम करणारे.

“झेलूबाई, पाखरांची आठवण ठेवलीस. माग काय हवं ते.”

“आईला चव येऊ दे.”

“येईल. ही कडू फळं मिठाच्या ताकात तीन दिवस भिजव, ताक रोज बदल. चौथ्या सकाळी पहिलं फळ आईच्याच तोंडात पडलं पाहिजे. दुसऱ्या कुणी आधी खाल्लं, तर वर मोडला. आणि हे कुणाला सांगायचं नाही हं.”

झेलूने सगळं अगदी मन लावून केलं. चौथ्या सकाळी फळांना मोहरी-हळद चोळली, तसं घर घमघमलं. पण आईने तोंड फिरवलं.

“नको गं बाई. मग बघू.”

इतक्यात शेजारच्या वस्तीवरची सगुणावहिनी दारात आली. ती पोटुशी होती, माहेरी निघाली होती. बाहेर बैलगाडी जुंपलेली.

“झेलू, वासाने राहवेना बघ. थोडं देतेस?”

आता आली का पंचाईत! डोहाळकरणीला कुणी रिकाम्या हाताने पाठवतं का? झेलूने आईकडे पाहिलं. डोळे भरून आले. तिने वाटी भरून वहिनीच्या हातात दिली.

वहिनी तिथेच टेकली. मिटक्या मारत, बोटं चाटत, डोळे मिटून खाऊ लागली. आई बघतच राहिली. बघता बघता आईच्या तोंडाला पाणी सुटलं.

“झेलू,” ती म्हणाली, “मला पण वाढ की. आणि भाकरी आहे का गं?”

आई जेवायला बसली, तशी झेलू झुडपाकडे धावली.

“परीताई, मी नियम मोडला. तरी तू वर दिलास?”

“मी कुठला दिला? माझा तर मोडला,” परी हसून म्हणाली. “हे तुझ्याच हातून झालं, बाळा.”

झुडूपभर लख्ख सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात विरून गेली.

झेलू घरी आली, तर आई दुसरी भाकरी थापत होती.