तोलाची काठी आणि गवताचा उतार

काठ्या बोलायच्या आणि माणसंही ते ऐकून घ्यायची, त्या भल्या काळात गुप्तेसाहेबांच्या गोल्फच्या पिशवीत चेंडू भोकात ढकलायची नवी काठी आली. साहेबांनी ती बोटावर आडवी तोलून दाखवली. तिचं चेंडूला लागणारं सपाट तोंड आभाळाकडेच राहिलं, ती कणभर कलली नाही. मग पिशवीतली त्याच कामाची जुनी काठी तोलली, तर ती नाक खाली घालून लोंबली.

"आजी, आता टोमॅटोच्या वेलाला टेकू द्यायला जा," नवी म्हणाली.

"जाईन की. पण आधी एकेक चेंडू ढकलू. हरले तर आपणहून मातीत उभी राहते."

साहेबांनी नवीचा तोल पुन्हा डोळे भरून पाहिला आणि टोला दिला. चेंडू भोकाच्या हातभर डावीकडून निघून गेला.

"मी जरासुद्धा वळले नाही," नवी कुरकुरली.

"तू नाहीच वळलीस, पोरी. गवत डावीकडे उतरतंय आणि साहेबांनी नेम धरला सरळ भोकावर. साहेब, माझ्या वेळेला जरा गुडघे टेकून जमीन बघा."

साहेबांनी कुरकुरत गुडघे टेकले, उतार पाहिला आणि हातभर उजवीकडे नेम धरला. जुनीनं ढकललेला चेंडू वळत वळत गेला आणि भोकात पडला. पिशवीतल्या साऱ्या काठ्या खणखणल्या.

"मलाही तसंच मारा," नवी हट्टाला पेटली. तिचाही चेंडू आत गेला.

मग दोघी मिरवत पिशवीत जाऊन बसल्या. साहेबांना मात्र चुकलेल्या चेंडूचं खापर फोडायला एकही काठी उरली नाही.