बिनडागाची ज्वारी

फार मागं, पिकं बोलायची आणि माणसांइतकीच मूर्ख होती, तेव्हा एका रानात दोन ज्वाऱ्या शेजारी उभ्या होत्या. आपलंच कणीस बियाण्याला राहावं, असं दोघींनाही वाटायचं.

पानावर बुरशी बसली की थोरली तिथंच तांबडं विष तयार करायची. पानाचा तेवढा ठिपका जळून डाग राहायचा, पण बुरशीही मरायची.

"ताई, काय गं हे तोंड! बियाणं निवडताना मालकीण बघेल तरी का तुझ्याकडं?" धाकटी म्हणाली.

"मालकीण दाणे बघते, बाई."

धाकटीनं रंग जपला, विष काही केलं नाही. बुरशी आरामात पानातून धाटात आणि धाटातून कणसात गेली. सगळे दाणे खाऊन, ढेकर देऊन ती आपल्या पोराबाळांना म्हणाली, "सोयरीक करावी तर अशा घरी! त्या थोरलीला आल्यागेल्याची रीतच नाही."