नामीची पट्टी

चिंचखारच्या टेकडीच्या उतारावर एक लांबट तळे आहे. पाहुण्यांना वाटते, गुरांसाठी खणले असेल. गावचे जाणते पोशाबाबा मात्र त्याला तळे म्हणू देत नाहीत. ते शेत आहे, असे ठासून सांगतात आणि कोणी विचारो न विचारो, गोष्ट सुरू करतात.

फार वर्षांपूर्वी हे शेत नामी नावाच्या एकट्या बाईचे होते म्हणे. गावातले सर्वांत उंच शेत. खाडीचे खारे पाणी तिथवर कधी चढले नाही. खालची शेते मात्र बांधाच्या जिवावर. म्हणून बांधाच्या डागडुजीची पट्टी, खंडीमागे चार पायली भात, खालच्यांनीच द्यायची. वरच्यांनी तिकडे ढुंकूनही पाहायचे नाही, असा रिवाज.

एका भाद्रपदात उधाणाने बांध फोडला. खांड पडली ती घर गिळेल एवढी. ती बुजवण्याच्या खटपटीत दहा दिवस गेले, आता पुढचे उधाण चार दिवसांवर. तोवर ती बुजली नाही तर खालची शेती तीन वर्षे खारवणार. खाली नुसता पातळ गाळ, टाकला की वाहून जाई. चिकट माती होती ती नामीच्या शेतात, पण तिच्यावर पोटरीला आलेले भात उभे. मागायचे कोणत्या तोंडाने?

नामीला हे कळत होते. दोन दिवस ती शेताभोवती फिरत राहिली. जीव तुटत होता तिचा. पाऊस लागून होता, आणि तिच्या शेतातले पाणी खळखळत खालच्या शेतांत उतरत होते. तेच ती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पंचांपुढे जाऊन म्हणाली, माझीही पट्टी घ्या. पंच म्हणाले, वरच्या शेतावर पट्टी बसत नाही.

“बसं नाय, त शेतातली मातीची पट्टी काढून नेवा,” नामी बोलली. “माजे शेताचा पानी तुमचेच शेतानशी खाडीला जातं. जल्मभर जातंय. तवा कोनी नाय बोलला मना.”

उभ्या पिकात पहिली कुदळ तिनेच मारली, असे सांगतात. अख्खा गाव टोपल्या घेऊन लागला. शेताची एक पट्टी खणली, माती पुरली नाही, दुसरी खणली. खांड बुजली तेव्हा नामीचे शेत संपले होते. उधाण आले, बांधाला धडका देऊन परत गेले. त्या वर्षी खाली भात सोन्यासारखे पिकले आणि नामीचा विळा घरातच राहिला. पुढे तिला गावाने जन्मभर पोसले, पण ती फेड नव्हे, असे पोशाबाबा बजावतात.

आजही चिंचखारला बांधपट्टी सर्वांत वरच्या घरापासून घेतात. त्याहीआधी पंच नामीचे नाव पुकारतात. तिचे शेत उरले नाही, वंशही नाही. सारा गाव एका सुरात उत्तर देतो, “भरली.”