एक बादली, चार मजले

या गोष्टीला दोन हजार वर्षं तरी झाली असतील. रोम नावाच्या मोठ्या नगरीत एक चार मजली इमारत होती. जिना लाकडाचा, घरं भाड्याची. शेजारी मात्र आजच्यासारखेच.

नगराचा एक नियम होता. दर मजल्यावर जिन्यापाशी पाण्याने भरलेली बादली ठेवायची. आग लागली तर पाणी हाताशी हवं म्हणून. पाणी चौकातल्या कारंज्यावरून आणायचं. लहान मुलालाही कळेल असा साधा नियम.

पण पहिल्या मजल्यावरच्या हरभरेवाल्याने बादलीत हरभरे भरले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहाणा शिवणाऱ्याने कातड्याचे तुकडे टाकले. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईच्या बादलीत कोंबडी अंड्यांवर बसली.

चौथ्या मजल्यावर एक म्हातारी राहत होती. मागावर कापड विणून पोट भरत होती. ऐंशी पायऱ्या चढून ती आपली बादली भरून ठेवी.

हरभरेवाला हसे. "म्हातारे, कशाला दमतेस? इथे कधी आग लागली आहे का?"

"लागली म्हणजे तिच्यावर हरभरे टाकणार आहेस का?" म्हातारी म्हणे.

महिन्यातून एकदा पहारेकरी बादल्या तपासायला येई. त्या दिवशी सगळे मिळून म्हातारीची बादली मागून नेत. ती आधी पहिल्या मजल्यावर ठेवत. पहारेकऱ्याने पाहिली की हरभरेवाला त्याला गप्पांत गुंतवी. तेवढ्यात तीच बादली अंगणाच्या बाजूने दोरीने दुसऱ्या मजल्यावर जाई. मग तिसऱ्या, मग चौथ्या. पहारेकरी खूश होऊन परत जाई.

काय ही अक्कल! तेवढ्या खटपटीत प्रत्येकाची बादली भरून झाली असती.

एकदा पहारेकरी तिसऱ्या मजल्यावरूनच परत फिरला. "म्हातारीची बादली कायम भरलेली असते," तो म्हणाला. "ती काय बघायची?"

बादली तिसऱ्या मजल्यावरच राहिली. तिथल्या बाईने त्या पाण्याने फरशी धुतली. "उद्या भरून देते," ती म्हणाली.

त्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावर दिवा कलंडला. आग आधी तळहाताएवढी होती. एका बादलीत विझली असती. वहाणा शिवणाऱ्याने बादली उपडी केली, तर कातडी पडली. हरभरेवाला धावत वर आला आणि घाबरून त्याने खरंच हरभरे फेकले. तिसऱ्या मजल्यावरची बाई कोंबडी बगलेत धरून खाली पळाली. आणि जिना पेटला.

"अरे, माझी बादली कुठे आहे?" वरून म्हातारी ओरडत होती.

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या पहारेकऱ्यांनी अंगणात गवताच्या गाद्या रचल्या. म्हातारीने उडी मारली. जीव वाचला, पण दोन्ही हात मोडले आणि माग जळून गेला. ती पुन्हा कधी विणायला बसली नाही.

हरभरेवाला तिच्यापाशी आला. "आजी, आम्हाला वाटलं, कुणाच्या तरी बादलीत पाणी असेल."

"होतं," म्हातारी म्हणाली. "माझ्या. ते तुम्ही नेलंत."

लोक म्हणतात, आता काळ बदलला. बदलला खरा. आमच्या इमारतीत दर मजल्यावर आग विझवायचं लाल नळकांडं आहे. त्यावर लोक ओल्या छत्र्या वाळत घालतात. पाण्याच्या पाइपाच्या पेटीत कांदे आणि झाडू. नळकांड्यांची मुदत संपून तीन वर्षं झाली. मी बोललो तर सेक्रेटरी म्हणतो, "काका, इथे कधी आग लागली आहे का?" तपासणीच्या दिवशी एकच नवीन नळकांडं सातही मजल्यांवर फिरतं. रोमला दोरी होती, आम्हाला लिफ्ट आहे. फरक एवढाच.

बोध: आपली बादली आपण भरावी, शेजाऱ्याची बादली दाखवून आग विझत नाही.