आबाची घोंगडी

खूप मागची गोष्ट आहे, माळाला अजून कुणी बांध घातले नव्हते तेव्हाची. त्या माळावर म्हाळू नावाचा मेंढपाळ होता. त्याचा बाप, आबा, गेला, तेव्हा मागं दोनच गोष्टी उरल्या. चित्र्या नावाचा कुत्रा आणि एक घोंगडी. म्हाळूनं ती घोंगडी कधी पाण्यात घातली नाही. धुतली तर आबाचा वास जाईल, असं त्याला वाटे. रोज संध्याकाळी तीच तो चित्र्याला अंथरून देई.

आणि चित्र्याला खाज सुटली. खाज म्हणजे कशी, बसला की खाजव, उठला की खाजव. पाठीचे केस झडले, शेपटीच्या बुडाशी कातडी लालभडक झाली. त्याला चैन नाही, म्हणून म्हाळूलाही नाही. करंजाचं तेल झालं, कडुलिंबाचा पाला झाला, हळद झाली. दोन दिवस बरं वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तेल बदल, पाला बदल. नुसती धावपळ.

मेंढपाळांच्या तळावरचे थोरले म्हणाले, “म्हाळू, येत्या पुनवेपर्यंत वाट बघतो. ही लूत मेंढरांना लागली तर कळप हातचा जाईल. बरा नाही झाला, तर त्याला लांब रानात सोडून ये.”

कुत्र्याला घेऊन म्हाळू तडक ठकूमावशीकडे गेला. ती जनावरांना औषध देई, आणि माणसांना बोल.

तिनं कुत्र्याकडे एकदाच बघितलं आणि विचारलं, “हा झोपतो कशावर?”

“आबाच्या घोंगडीवर.”

“ती आण आधी.”

म्हाळूनं घोंगडी आणली. मावशीनं ती उन्हात झटकली, तशा पिसवा टणाटण उडाल्या.

“शहाणाच आहेस,” ती म्हणाली. “औषध कुत्र्याला चोळतोस आणि दुखणं रोज आपल्या हातानं अंथरतोस.”

“पण मावशी, हिला आबाचा वास आहे.”

“वास ठेवलास तर पिसवाही राहतील. तुझं तू ठरव.”

म्हाळू घोंगडी छातीशी धरून उभा राहिला. पायाशी चित्र्या खाजवतच होता.

शेवटी डोळे पुसून त्यानं घोंगडी उकळत्या पाण्यात बुडवली. लोकरच ती, आटून निम्मी झाली. माणसाला पुरेना, कुत्र्याला मात्र बरोबर झाली.

पुनवेला थोरले आले, तेव्हा चित्र्या तिच्यावर गाढ झोपला होता आणि पाठीवर नवे केस डोकावत होते. ते आल्या पावली परत गेले. म्हाळूनं वाकून घोंगडीचा वास घेतला. आता तिला चित्र्याचा वास येत होता.

तात्पर्य: दुखणं वर दिसलं तरी मूळ खाली शोधावं, आणि ते आपल्याच मायेत सापडलं तरी उपटून काढावं.