शिळेवरची मैना

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा पाखरांना माणसांसारखं बोलता येई. एका राजाला आपल्याच प्रजेची भारी धास्ती वाटायची. त्याने घरोघरी वळचणीला मैना बसवल्या. घरात कोण काय बोलतं, ते मैना त्यांच्या रखवालदाराला सांगत आणि रखवालदार राजाला.

हळूहळू माणसं घरातही तोंड मिटून बसू लागली. आयांनी अंगाई गाणं सोडलं.

त्या राज्यात एक रीत होती. साक्ष द्यायची ती दरबारातल्या शिळेवर, सगळ्यांदेखत. शिळेवरचा बोलू लागला की राजानेही मध्ये बोलायचं नाही. मैनांची साक्ष मात्र राजा पडद्याआड, रखवालदाराच्या तोंडून ऐकायचा. अशाच एका साक्षीवरून एक विणकरीण तुरुंगात पडली. गुन्हा काय, हे तिलाही कुणी सांगितलं नाही.

तिच्या बाजूने एक वकीलबाई उभ्या राहिल्या.

"महाराज, मैनेला शिळेवर बसवा. ती काय म्हणते ते आम्हालाही ऐकू द्या."

"ते गुपित आहे. राज्याला धोका होईल," राजा म्हणाला.

बाई हरल्या. पुढच्या दरबारात आल्या, तेच मागितलं, पुन्हा हरल्या. लोक हसायचे, "बाईंना दुसरा उद्योग नाही!" केस पांढरे झाले, तरी बाईंचं मागणं तेच.

रखवालदार पडद्यामागून हे पाहायचा. बाईंच्या घरची मैना त्याला सांगे, "दरबारात बोलतात तेच घरी बोलतात. आवाजसुद्धा कमी करत नाहीत." तो थक्क व्हायचा. तो स्वतः घरी बायकोशी खुणांनी बोलायचा!

एका दरबारात बाईंना नीट उभंही राहवेना. काठी टेकून त्या म्हणाल्या, "महाराज, मैनेला शिळेवर बसवा."

रखवालदार पडद्यामागून पुढे आला. त्याने पडदा ओढून पाडला आणि विणकरणीच्या घरची मैना शिळेवर नेऊन ठेवली.

"बोल गं. मला सांगितलंस तेच सांग."

राजा ताडकन उठला, पण मैना बोलू लागली होती. "विणकरीण चुलीपुढे रडत होती. म्हणाली, राजाच्या लढाईत माझं लेकरू गेलं आणि राजाला त्याचं नावही ठाऊक नाही."

एवढंच होतं ते गुपित. राजा मटकन खाली बसला.

"काय नाव होतं त्याचं?" त्याने हळूच विचारलं.

"तिलाच विचारा, महाराज," बाई म्हणाल्या. "तुरुंगाचं दार उघडून."

राजा स्वतः दार उघडायला गेला. त्याच दिवशी साऱ्या मैना रानात उडून गेल्या.

तात्पर्य : सत्तेने झाकलेलं उजेडात आणायचं, तर मागणाऱ्याने थकून चालत नाही.