आरोपीची जागा

“पण आरोपी कुठं उभा राहतो?”

उपळेकर सरांनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा भागवत सातपुते छताची नक्षी दाखवण्यात गुंग होता. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

भागवत म्हणजे विद्यापीठाच्या विधी विभागाचा प्रमुख. गावाला डॉक्टर सातपुते, सरांपुढे मात्र नुसता भागवत. विभागात नवं अभिरूप न्यायालय बांधलं होतं, पोरांनी खोटी खोटी कोर्टं चालवून वकिली शिकायची ते दालन. उद्या त्याचं उद्घाटन. फीत कापायला सरांशिवाय दुसरं कोण? विभाग काढला तो त्यांनीच. म्हणून आज गाडी पाठवून म्हाताऱ्याला मुद्दाम दाखवायला आणलं होतं.

खरं सांगायचं तर पोटात आणखी एक होतं. विभागाचे संध्याकाळचे वर्ग जूनपासून बंद व्हायचे होते. त्या वर्गातली माणसं फाटकापाशी ठाण मांडून बसली होती. सरांनी एकदा हसतमुखानं फीत कापली की कुणाची बोलायची प्राज्ञा राहिली नसती.

“इथं आरोपी नसतो, सर,” भागवत म्हणाला. “हे स्पर्धांसाठी आहे. दोन्हीकडचे वकील, समोर न्यायाधीश. बस्स.”

“मग भांडण कुणाचं?”

“कागदावरचं.”

“अच्छा...”

सरांनी सागवानी टेबलावरून हात फिरवला. “लाकूड झकास आहे.”

भागवतची छाती फुगली. का नाही फुगणार? तो शिकला तेव्हा विभागाला स्वतःचं छप्परसुद्धा नव्हतं. मुलींच्या शाळेत संध्याकाळी वर्ग भरायचे, बाकं एवढीशी की गुडघे आत मावायचे नाहीत. कोर्ट सुटलं की सर सायकल हाणत यायचे. समोर बसायला हवालदार, नर्सबाई, कापडदुकानातला मुनीम, आणि जकात नाक्यावरची ड्युटी उरकून धापा टाकत आलेला भागवत.

सरांचा नेम एकच. आधी आरोपी व्हायचं, मग वकील. दोन बाकं उभी केली की झाला पिंजरा! भागवतवर सायकलचोरीचा आळ घेतला होता. खोटाच, वर्गापुरता. पण दोन्हीकडच्या वकिलांनी असं काही तोंडसुख घेतलं की आपणच चोर आहोत असं त्याला वाटायला लागलं. सगळे त्याच्याविषयी बोलत होते, त्याच्याशी कुणीच बोलत नव्हतं. शेवटी सर म्हणाले, “अरे, त्याला काय म्हणायचंय ते विचारा की!” आणि एवढा घोडा झालेल्या भागवतला रडू फुटलं होतं.

जाऊ दे. जुन्या गोष्टी त्या.

“साहेब, दोन मिनिटं...”

दारात खाकी गणवेशातली बाई उभी. रेश्मा मुजावर, एसटीत कंडक्टर, संध्याकाळच्या वर्गात दुसऱ्या वर्षाला.

“आमचं जरा ऐकून घ्या, साहेब. दिवसा ड्युटी असते. दिवसाच्या वर्गाला आम्ही यायचं कसं?”

“अर्ज दिलाय ना तुम्ही?”

“दिलाय. पण समोर बसवून कुणी...”

“त्यावर निर्णय झालाय. आता उद्घाटनाच्या तोंडावर तमाशा नको, मुजावर. या तुम्ही.”

ती गेली नाही. दोन पावलं मागं सरून दाराशीच थांबली.

सर भागवतकडे बघत होते. त्या बघण्यानं तो उगाच बोलत सुटला.

“तुम्हाला कल्पना नाही, सर. बाहेरून समित्या येतात तपासायला. हजेरी विचारतात, निकाल विचारतात. विभाग मोठा करायचा तर दर्जा नको? हवालदार आणि कंडक्टर घेऊन कुठवर जाणार आपण?”

“आणि जकातवाले?”

भागवतच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “तो काळ वेगळा होता, सर.”

“हं...”

सर काठी टेकत चौथऱ्यापाशी गेले.

“मग उद्या येताय ना, सर?” भागवतनं विचारलं. आवाजातलं आर्जव त्याला स्वतःलाच आवडलं नाही.

सरांनी काठीनं वरची खुर्ची दाखवली. “न्यायाधीशाची ती?”

“हो.”

“फिरते?”

“फिरते म्हणजे काय!”

“बसून दाखव बघू.”

हुश्श! म्हातारा खुलला म्हणायचा. भागवत टुणकन चौथऱ्यावर चढला, खुर्चीत बसला, एक गिरकीही घेतली. वरून सगळं दालन भारी देखणं दिसत होतं. दाराशी उभी असलेली ती बाई तेवढी डोळ्यांत खुपत होती.

खाली सर वकिलांच्या दोन खुर्च्या ओढायला लागले. रेश्मा मदतीला धावली, त्यांनी हातानंच तिला थांबवलं. खुर्च्यांच्या पाठी समोरासमोर करून, मध्ये एका माणसापुरती जागा सोडून त्यांनी त्या मांडल्या. काठी बाजूला टेकवली. मध्ये जाऊन उभे राहिले आणि हात जोडले.

भागवतला हसूच आलं. या वयात काय हा खेळ! पण म्हाताऱ्याची हौस पुरवली तर उद्याचं घोडं गंगेत न्हाईल. त्यानं टेबलावर दोनदा हात आपटला.

“आरोपी उपळेकर, तुमच्यावर आरोप काय?”

“एका पोराला कायदा शिकवला.”

भागवतचं हसू जागच्या जागी विरलं.

“सर, हे काय...”

“पुढचं विचार.”

“पुढचं काय?”

“आरोपीला विचारायचं असतं ते. विसरलास?”

विसरला कुठं होता? मुलींच्या शाळेतली ती बाकं डोळ्यांपुढून हलेनात. खुर्चीतून उठावं आणि पळत सुटावं असं त्याला वाटलं. पण उठता येईना. दाराशी रेश्मा मुजावर मान खाली घालून उभी होती. तिच्यादेखत व्हायला नको होतं हे.

सरांनी हात जोडलेलेच ठेवले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, काठीशिवाय किती वेळ उभा राहणार? तरी ते हलले नाहीत.

“विचार, भागवत.”

“तुम्हाला...” भागवत म्हणाला. “तुम्हाला काय म्हणायचंय?”

सरांनी आधी दाराकडं पाहिलं. मग वर, त्याच्याकडं.

“गुन्हा कबूल आहे.”